१२१ वेळा हरलेली बेसबॉल टीम: शिकागो व्हाइट सॉक्सच्या २०२४ च्या सीझनबद्दल मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी शिकागोच्या पश्चिमेला नेपरव्हिलला राहतो. घरून कोणी आलं, किंवा ऑफिसात नवीन मराठी पोरगा जॉइन झाला, की माझ्या व्हाइट सॉक्सच्या काळ्या टोपीकडे बघून तेच ते प्रश्न सुरू होतात. दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगून तोंड दुखायला लागलंय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. क्रम वगैरे काही नाही, जसं आठवेल तसं.

नक्की झालं काय होतं?

२०२४ च्या सीझनला शिकागो व्हाइट सॉक्स १६२ पैकी १२१ मॅच हरली. जिंकल्या ४१. १९०० नंतरच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये एका सीझनला एवढ्या मॅच कुणीच हरलेलं नव्हतं. आधीचा रेकॉर्ड न्यूयॉर्क मेट्सचा होता, १९६२ चा, ४० जिंकल्या आणि १२० हरल्या. पण मेट्सचं ते पहिलंच वर्ष होतं हो, बाकीच्या टीमना नको असलेले खेळाडू गोळा करून उभी केलेली नवीकोरी टीम, तिच्याकडून कोण काय अपेक्षा करणार. आमची टीम १९०१ पासून अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकात आहे, २००५ ला वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनल, जिंकलेली आहे, आणि या प्रकाराच्या फक्त तीन वर्षं आधी, २०२१ ला, ९३ मॅच जिंकून डिव्हिजनमध्ये, म्हणजे आपल्या गटात, पहिली आलेली आहे. तिथून ८१, मग ६१, मग ४१. आधी बारा, मग दर वर्षी वीस पायऱ्या खाली, एकदम शिस्तीत.

१६२ मॅच?? रोज खेळतात काय?

जवळपास रोजच. मार्चच्या शेवटाला सुरू होतं ते सप्टेंबरच्या शेवटापर्यंत. माझे बाबा त्या जुलैत आमच्याकडे होते, त्यांना एका मॅचला घेऊन गेलो. टीम हरली. घरी येताना गाडीत म्हणाले, झालं ना, आता पुढची कधी? म्हटलं उद्या. "उद्या? आणि परवा?" परवा पण. मग पाचेक मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, अरे मग हे लोक सराव कधी करतात. मला उत्तर देता आलं नाही.

क्रिकेटच्या भाषेत सांग ना, १२१ म्हणजे किती वाईट?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथेच लोकांचा गोंधळ होतो, कारण क्रिकेटमध्ये वाईट टीम खरोखर सगळं हरते. आपली पुणे वॉरियर्स आठवा, गहुंज्याला खेळायची, २०१२ ला १६ पैकी ४ जिंकली आणि २०१३ ला परत १६ पैकी ४. म्हणजे पाव मॅच जिंकली. व्हाइट सॉक्सनी पण साधारण पावच जिंकल्या, मग ओरडताय कशाला, असं माझा आत्येभाऊ म्हणतो.

ओरडतो कारण बेसबॉलमध्ये पाव म्हणजे जवळजवळ अशक्य आकडा आहे. या खेळात नशिबाचा वाटा भरपूर असतो, पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, रोज बदलतो, चांगला फटका थेट फील्डरच्या हातात जातो आणि फालतू फटका दोघांच्या मधे पडतो. त्यामुळे इथले जुने लोक म्हणतात की कुठलीही टीम ५४ मॅच जिंकणारच आणि ५४ हरणारच, खरा खेळ उरलेल्या ५४ मध्ये. म्हणजे एकदम टुकार टीमला सुद्धा ५४ फुकट मिळतात असं धरून चालायचं. आमच्या टीमला ते फुकटचे पण घेता आले नाहीत, १३ कमीच पडले. सीझनभरात ५०७ रन केल्या, तीसही टीममध्ये सगळ्यात कमी, आणि दिल्या ८१३.

आमच्याच डिव्हिजनमधली कॅन्सस सिटी रॉयल्स २०२३ ला १०६ मॅच हरलेली. २०२४ ला ती आमच्याशी १३ मॅच खेळली, १२ जिंकली, आणि प्लेऑफला गेली. आम्ही लोकांची घरं वसवली त्या वर्षी.

लागोपाठ किती हरले?

२१. १० जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत एकही मॅच जिंकली नाही. मुंबई इंडियन्स २०२२ ला सुरुवातीच्या ८ लागोपाठ हरली तेव्हा आपल्याकडे काय बोंबाबोंब झाली होती आठवतंय ना? त्याच्या अडीचपटीपेक्षा जास्त. अमेरिकन लीगमध्ये याआधी फक्त बाल्टिमोर ओरिओल्स १९८८ ला एवढ्या हरली होती, त्या रेकॉर्डची बरोबरी झाली. ६ ऑगस्टला ओकलंडमध्ये आमच्या बेनिनटेंडीने होमरन, म्हणजे आपल्या सिक्सरसारखा फटका, मारली आणि ५-१ ने सुटका झाली. खेळाडू एकमेकांना मिठ्या मारत होते. ओकलंडची टीम पण काही भारी नव्हती, ती तर गावच सोडून चालली होती, त्यांचं तिथलं ते शेवटचं वर्ष.

आणि हे एकदाच नाही. त्याआधी मे-जूनमध्ये १४ लागोपाठ हरून झाल्या होत्या. तो क्लबचा स्वतःचा रेकॉर्ड होता, दोन महिने पण टिकला नाही.

मुद्दाम हरत होते का? वर्ल्ड क्लास पोरं मिळावीत म्हणून?

अर्धं बरोबर. अमेरिकेत खालून पहिल्या आलेल्या टीमला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवीन पोरं निवडताना, आधी नंबर मिळतो, त्यामुळे काही टीम दोन-तीन वर्षं दुकान रिकामं करून ठेवतात, महागडे खेळाडू विकतात, बदल्यात तरुण पोरं घेतात आणि वाट बघतात. ह्यूस्टनने तसं करून वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हापासून सगळ्यांनाच वाटतं आपल्यालाही जमेल. मैदानात उतरलेला खेळाडू मात्र मुद्दाम हरत नसतो, त्याचा पुढचा करार त्याच्याच आकड्यांवर ठरतो.

यातली खरी गंमत पुढे आहे. १२१ हरून पण आमच्या टीमला २०२५ च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर मिळणं शक्यच नव्हतं. वरचे नंबर खालच्या टीममध्ये लॉटरी काढून ठरतात, आणि नियम असा की मोठ्या शहरातल्या टीमला लागोपाठ दोन वर्षं लॉटरीत बसता येत नाही, आणि शिकागो मोठं शहर, आणि आदल्या वर्षी लॉटरीतून आम्हाला पाचवा नंबर मिळालेला. त्यामुळे १२१ हरल्याचं बक्षीस काय तर दहावा नंबर. हरण्यात पण पहिले आणि रांगेत दहावे.

मग चूक कुणाची?

बसा, हे जरा लांबणार आहे.

२०१६ च्या डिसेंबरमध्ये टीमने आपला सगळ्यात भारी पिचर ख्रिस सेल बॉस्टनला देऊन टाकला आणि बदल्यात योआन मोंकाडा, मायकल कोपेक अशी तरुण पोरं घेतली. पुढच्या वर्षी एक चांगला पिचर शहरातल्याच दुसऱ्या टीमला, कब्जला, दिला आणि एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीज घेतले. लोकांना सांगितलं थोडी कळ काढा. लोकांनी काढली. २०१८ ला १०० मॅच हरली तरी आम्ही टाळ्या वाजवत होतो, कारण पोरं मोठी होत होती. आणि २०२०, २०२१ ला झाली की मोठी! लागोपाठ दोन वर्षं प्लेऑफ. सगळ्यांना वाटलं आता पाच-सहा वर्षं आपलंच राज्य.

तिथे माती खाल्ली. म्हणजे बघा, घर बांधताना पाया झाला, भिंती झाल्या आणि स्लॅब टाकायच्या वेळी मालक म्हणाला सिमेंट महाग आहे. जेरी राइन्सडॉर्फ, १९८१ पासून मालक, शिकागो बुल्स पण यांचीच, म्हणजे मायकल जॉर्डनची टीम. या माणसाच्या बेसबॉल टीमने २०२४ पर्यंत १० कोटी डॉलरचा करार एकाही खेळाडूशी केला नव्हता, आजूबाजूच्या टीम ३०-३० कोटी वाटत असताना. क्लबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा करार साडेसात कोटींचा, तो बेनिनटेंडीचा. बरं, कोच कोण निवडायचा? तरुण टीमसाठी २०२० ला आणला टोनी ला रूसा, वय ७६, कारण १९८६ ला त्याला याच टीमने काढलं होतं आणि मालकाला ती गोष्ट इतकी वर्षं सलत होती. जुनं पाप फेडायचं होतं, ठीक आहे, पण ते आमच्या टीमवर कशाला?

मग पोरं जखमी व्हायला लागली, आणि साधीसुधी नाही, दर वर्षी तीच पोरं. मोंकाडा २०२४ ला १६२ पैकी १२ मॅच खेळला. लुईस रॉबर्टने २०२३ ला ३८ होमरन मारलेल्या, तो पण २०२४ ला बराच काळ बाहेर. हिमेनेझचं तर काय बोलायचं. बाहेर बसलेल्यांच्या जागी खेळवायला माणसं नव्हती, कारण खालच्या टीममधून नवीन पोरं वर येतच नव्हती. मला विचाराल तर खरा रोग हाच. वरचे स्टार सगळ्यांनाच दिसतात, पण २६ जणांच्या टीमबाहेरचा सत्ताविसावा माणूस किती चांगला आहे यावर १६२ मॅचचा सीझन चालतो.

ऑगस्ट २०२३ ला मालकाने वरचे दोन अधिकारी एका दिवशी काढले, आणि बाहेर शोधायच्या ऐवजी दहा दिवसांच्या आत आतलाच क्रिस गेट्झ जनरल मॅनेजर केला. गेट्झने सीझन सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी सीजला सॅन डिएगोला विकलं, मग जुलैअखेर एरिक फेडी, कोपेक, टॉमी फॅम, हिमेनेझ सगळे गेले. सीजने तिथे जाऊन २५ जुलैला नो-हिटर टाकली, म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट नाही. त्याच आठवड्यात आम्ही इकडे दहावी, अकरावी हार मोजत होतो. कोपेक गेला डॉजर्सला आणि ऑक्टोबरमध्ये वर्ल्ड सिरीज जिंकून बसला.

आणि हे सगळं चालू असताना मालकसाहेब त्याच वर्षी सरकारी पैशातून नवीन स्टेडियम बांधून मागत होते. बोला आता.

एकही चांगला खेळाडू नव्हता का?

होता ना. गॅरेट क्रोशे. डावखुरा पिचर, साडेसहा फूट उंच, बॉल सोडतो तेव्हा असं वाटतं की गच्चीवरून कोणीतरी फेकतंय. १४६ इनिंगमध्ये २०९ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकमध्ये उडवलेले बॅटर, आणि ऑल-स्टार. त्याच्या नावावर विजय किती? ६. आणि पराभव १२. तो बिचारा जीव तोडून टाकायचा आणि आपले बॅटर शून्य, एक, फार तर दोन रन करून परत. त्याची मॅच असली की मी ऑफिसमधून लवकर निघायचो, तेवढी एक चैन होती. डिसेंबरमध्ये त्याला पण बॉस्टनला विकला. बदल्यात चार पोरं आली. २०१६ ला सेल, २०२४ ला क्रोशे, तेच बॉस्टन, तीच कळ काढा.

सगळ्यात वाईट मॅच कुठली?

सगळे २१ वाली एखादी सांगतात. माझ्यासाठी २३ मे, ओरिओल्सविरुद्ध, घरच्या मैदानावर.

नववी इनिंग, म्हणजे शेवटची. आपण मागे होतो, पण पोरं पेटली आणि रन काढत काढत ८-६ पर्यंत आली. पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर, म्हणजे रन पुरी करायच्या वाटेवरच्या टप्प्यांवर, आपली माणसं, एकच आउट (तीन झाले की इनिंग संपते). म्हणजे एक बरा फटका बसला की मॅच फिरली. बेनिनटेंडीने बॉल उंच मारला, पण इनफिल्डच्या आतच, सरळ आभाळात. अशा वेळी अंपायर बॉल खाली यायच्या आधीच बॅटरला आउट देऊन टाकतो, म्हणजे फील्डरने मुद्दाम कॅच सोडून दोघांना आउट करू नये. तो आउट कुणालाच खटकला नाही. पण दुसऱ्या बेसवरचा अँड्र्यू वॉन आपल्या बेसकडे परत फिरत होता, आणि ओरिओल्सचा गनर हेंडरसन कॅच घ्यायला येत होता, त्याच्या वाटेत वॉन आला. म्हणजे आला म्हणजे काय, पाठमोरा होता, त्याने बघितलं पण नाही. हेंडरसनने कॅच आरामात घेतला. आणि अंपायरने वॉनला पण आउट दिलं, अडथळा आणला म्हणून. एका बॉलवर दोन आउट, मॅच खलास.

मैदानात दोन मिनिटं कुणाला कळेचना काय झालं. स्कोअरबोर्ड थांबलेला, लोक उभे, समोरची टीम हस्तांदोलन करायला लागलेली. माझ्या शेजारचा म्हातारा, चाळीस-पन्नास वर्षं येत असणार, तो शांतपणे स्कोअरकार्डावर काहीतरी लिहायला गेला, पेन थांबवलं, आणि मला विचारलं, "याला काय लिहू?"

मॅनेजरला काढलं का?

काढलं. पेड्रो ग्रिफोल, २०२४ ला त्याचा हिशोब २८ विजय आणि ८९ पराभव. २१ ची साखळी ६ ऑगस्टला तुटली आणि त्याला काढला ८ ऑगस्टला, म्हणजे हरत असताना ठेवला आणि जिंकल्यावर घालवला. उरलेल्या सीझनला ग्रेडी साइझमोर, त्याचे १३ आणि ३२. म्हणजे कोच बदलून फार काही फरक पडायचाच नव्हता.

याच्यापेक्षा वाईट टीम कधीच झाली नाही?

झाली की, क्लीव्हलंड स्पायडर्स, १८९९, २० जिंकल्या आणि १३४ हरल्या. त्यांच्या मालकांकडे दुसरी टीम पण होती, सगळे चांगले खेळाडू तिकडे नेले. पुढच्या वर्षी टीमच बंद झाली. तो काळच वेगळा होता, म्हणून धरत नाहीत.

एवढी हरल्यावर खालच्या लीगमध्ये टाकत नाहीत?

नाही. फुटबॉलसारखं वर-खाली इथे नसतं. तीस टीम, तीसच राहणार. मालकाला काही भीती नाही, टीव्हीचे पैसे येतात. घसरणीचा खरा फटका कुणाला बसतो माहितीये, पार्किंगवाले, बाहेर पाण्याच्या बाटल्या विकणारे, आत बिअर घेऊन जिने चढणारे.

१२१ वी हार बघायला लोक गेले होते हे खरंय का?

खरंय, आणि त्यात मी पण होतो, लाज वाटते पण होतो.

झालं असं की २२ सप्टेंबरला सॅन डिएगोमध्ये १२० वी हार झाली, मेट्सशी बरोबरी. आता घरच्या मैदानावरच्या शेवटच्या तीन मॅच, समोर लॉस एंजेलिस एंजल्स, ती पण रडकी टीम. म्हणजे रेकॉर्ड शिकागोतच होणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं. एरवी जिथे बसायला अख्खी रांग मोकळी मिळायची तिथे २४ तारखेला बऱ्यापैकी गर्दी. आठव्या इनिंगपर्यंत ०-२ ने मागे. आता होणार, आता होणार, आणि "सेल द टीम, सेल द टीम" अशा घोषणा, म्हणजे मालका टीम विकून टाक. आणि तेवढ्यात या पठ्ठ्यांनी तीन रन काढल्या आणि जिंकले, ३-२! आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवावं की डोक्याला हात लावावा या पेचात. इतके महिने जिंका म्हणून ओरडलो तेव्हा जिंकला नाहीत, आणि आज इतिहास बघायला तिकीट काढून आलो तर जिंकताय!

दुसऱ्या दिवशी परत जिंकले. तिसऱ्या दिवशी ७-० ने. अख्ख्या वर्षात घरच्या मैदानावर २३ जिंकल्या, त्यातल्या तीन नको तेव्हा.

शेवटी २७ सप्टेंबरला डेट्रॉइटमध्ये ४-१ ने हरले आणि १२१ झाले. त्याच मॅचने डेट्रॉइटचं प्लेऑफचं तिकीट पक्कं झालं, दहा वर्षांनी, त्यामुळे मैदानावर नुसता जल्लोष. टीव्हीवर एका बाजूला शॅम्पेन आणि एका बाजूला आमची पोरं बॅगा भरताना. मग उरलेल्या दोन मॅच, ज्यांना काही म्हणजे काही अर्थ नव्हता, त्या आम्ही जिंकलो.

टीमला शाप आहे म्हणतात, १९१९ चा?

१९१९ ची वर्ल्ड सिरीज पैसे घेऊन हरल्याचा ठपका या टीमच्या आठ खेळाडूंवर आला आणि त्यांना कायमचं बॅन केलं, ब्लॅक सॉक्स म्हणतात त्यांना. पुढची वर्ल्ड सिरीज जिंकायला २००५ उजाडलं. शापबिप काही नाही, त्यांनी पैसे घेऊन हरून दाखवलं, २०२४ वाल्यांनी पगारातच केलं.

नवीन पोप तुमच्या टीमचे फॅन आहेत म्हणे?

हो! पोप लिओ चौदावे शिकागोचेच, साउथ साइडकडचे. मे २०२५ ला निवड झाल्यावर आधी बातमी आली कब्जचे फॅन आहेत म्हणून, मग त्यांच्या सख्ख्या भावाने सांगितलं की छे, तो कायम सॉक्सवालाच. २००५ च्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या मॅचला ते स्टेडियममध्ये होते, टीव्हीच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये दिसतात पण. आता तिथे त्यांचं चित्र काढलंय, लोक फोटो काढतात. ओबामा पण आमचेच. वशिला कितीही मोठा असला तरी बॅट आपल्यालाच फिरवावी लागते हे मात्र आम्हाला पटलंय.

आता कशी आहे टीम?

२०२५ ला नवीन मॅनेजर विल व्हेनेबल, ६० जिंकल्या, १०२ हरल्या. हसू नका, १९ जास्त आहेत. क्रोशेच्या बदल्यात आलेली पोरं, काइल टील वगैरे, त्या वर्षी बरी खेळली. आणि त्याच वर्षी कोलोरॅडो रॉकीज ११९ हरली, तेव्हा काही आठवडे आम्ही रोज सकाळी आधी रॉकीजचा स्कोअर बघायचो. रेकॉर्ड जाईल अशी आशा होती. गेला नाही. टीम पुढेमागे जस्टिन इश्बिया नावाच्या गृहस्थांकडे जाईल असा करार झालाय, पण २०२९ च्या आधी नाही.

शिकागोला येतोय, मॅच बघायची आहे, कसं जायचं? आई शाकाहारी आहे.

गाडी आणू नका. रेड लाइन पकडा, सॉक्स-३५ नावाचंच स्टेशन आहे, उतरलं की समोर स्टेडियम. एप्रिलमध्ये थंडी असते, स्वेटर नाही, चांगलं जाड जॅकेट. तिकीट आधी काढायची गरज नाही, मंगळवार-बुधवारचं तर अजिबात नाही. आईंना एलोते खायला घाला, मक्याचे दाणे कपात, वर लोणी, मेयो, चीज, लिंबू आणि तिखट, आपल्या चौपाटीच्या भुट्ट्याचा मेक्सिकन मावसभाऊ. हे इथलं फेमस आहे, टीम कशीही खेळो याची रांग असतेच. मेयो नको असेल तर दाणे कपात पडायच्या आधी सांगा, ते लोक फार भरभर हात चालवतात.